कंपायलर आणि एआय यांत फरक कोणता?

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीचे काही महिने एआयची मदत न घेता कोड लिहावा, असे मी म्हटले होते. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या सूचनांत बदलणारा प्रोग्राम, आल्यावर असेंब्ली ही यंत्राच्या सूचनांजवळची भाषा शिकण्याची सक्ती जशी कालबाह्य ठरली, तशीच आता लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवणाऱ्या ओळी, हाताने लिहून घेण्याची सक्तीही कालबाह्य ठरली आहे, असा आपला आक्षेप आहे.

१९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर पूर्ण केला, तेव्हा त्याने तयार केलेला कोड माणसाच्या कोडइतका वेगाने चालेल यावर अनेक अनुभवी प्रोग्रामरांचा विश्वास नव्हता, आणि त्यांचा अंदाज चुकला, हे खरेच आहे. परंतु ती शंका वेगाबद्दल होती. फोरट्रानमधल्या ओळीचा अर्थ भाषेच्या नियमांनी बांधलेला होता. एआयला आपण मराठीत किंवा इंग्रजीत दिलेल्या सूचनेचा अर्थ तसा बांधलेला नसतो, आणि आपली तुलना मला इथे अपुरी वाटते.

‘बिलाची रक्कम राउंड करून पूर्ण रुपयांत दाखव’ एवढीच सूचना दिली, तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतले राउंड हे तयार फंक्शन वापरलेला कोड मिळणे अगदी स्वाभाविक आहे. पायथॉन ३ मध्ये त्याला ३.५ दिले तर उत्तर ४ येते, पण २.५ दिले तर २ येते, कारण बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यावी असा तिथला नियम आहे; पायथॉन २ मध्ये २.५ चे ३ होत असत. पन्नास पैशांचा पुढचा रुपया धरणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने हे बिल चुकीचे आहे. तरीही प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, चार-दोन बिले तपासली तर ती बरोबरही दिसतात. अशा ओळीपाशी थांबून शंका घेण्याची सवय, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने चुकीचे उत्तर दिल्यावर ते कुठून आले याचा एकेक ओळ तपासत शोध घेतल्यानेच लागते, असे मी शिकवताना सातत्याने पाहत आलो आहे.

कंपन्यांना ही साधने वापरणारी माणसे हवी आहेत, हे मान्य. पण या साधनांनी लिहिलेल्या कोडची जबाबदारीही त्याच माणसांवर असते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल आपण लिहिलेले मात्र मला मनापासून पटले. इंग्रजी एरर मेसेजसमोर हुशार मुलेही अडून बसतात, आणि तोच मेसेज एआयने मराठीत उलगडून सांगितला की त्यांची भीती जाते. ही सोय पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाती असावी. म्हणून माझ्या वर्गात एररचा अर्थ विचारायला मुभा आहे, दुरुस्त केलेला कोड मागायला नाही. फंक्शन आणि फाइल हाताळणे जमू लागले की तीही अट मी काढतो, आणि तेव्हा पहिले काम देतो ते एआयने लिहिलेल्या बिलाच्या प्रोग्राममधील दोष शोधण्याचे.