वात्रट पोरे पाठवायची जागा नव्हे

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. आमच्या शिक्षककक्षात त्यावरची चर्चा ‘चला, वात्रट पोरांना पाठवायला जागा झाली’ या वाक्यावरच संपली. मला ते खटकले, कारण हीच समजूत मीही अनेक वर्षे बाळगून होते.

सोलापूरच्या पूर्व भागात पाचवीला मराठी शिकवत असताना एक मुलगा ‘पतंग’चा ‘तपंग’ आणि ‘कमळ’चे ‘मकळ’ लिहीत असे. घरी तेलुगू बोलतात म्हणून मराठी कच्चे, असे मी ठरवूनच टाकले होते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आधी त्याचे डोळे व कान तपासून घेतले, मग दोन तास त्या माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसल्या (तपासणी माझीही होते आहे, हे मला अजिबात रुचले नव्हते), आणि शेवटी त्याच्या घरी गेल्या. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या आजींशी शेजारच्या मुलीच्या मदतीने बोलताना त्यांच्या लक्षात आले, की त्याच घरात वाढलेली, तीच भाषा बोलणारी धाकटी बहीण मात्र मराठी घडाघडा वाचते. मग दोष भाषेचा कसा?

अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडण्याची) शंका आल्यावर त्यांनी मुलाला सरकारी रुग्णालयात पाठवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण त्यांचे खरे काम पुढेच होते: त्याला वर्गात उभे करून वाचायला लावू नका, उत्तरे तोंडी घ्या, हे मला पुन्हा पुन्हा, न रागावता सांगणे. ‘काय म्हणाला हो तो?’ असे व्हरांड्यात विचारले की त्या हसून विषय बदलत. मुलाने विश्वासाने सांगितलेले त्या फोडत नसत. लैंगिक अत्याचाराची बाब मात्र वेगळी, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते.

आता हे पद खेळाच्या किंवा चित्रकलेच्या सरांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जाईल, अशी मला धास्ती वाटते. संस्थाचालकांना एवढेच सांगणे आहे, की जाहिरात काढताना पात्रतेच्या जोडीला तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्यास प्राधान्य, ही एक ओळ जरूर घाला. शेजारची मुलगी दरवेळी घरात असतेच असे नाही.