बंड्या वाटीतलं पाणी पीत नाही

परवा शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या. माझ्या हातातला फवारा बघून म्हणाल्या, "काय गं, नळाला पाणी यायला आठ-आठ दिवस लागायलेत, अन् तू सरड्याला आंघोळ घालायलीस?"

लातूरच्या माणसाला हा टोमणा लागतोच. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. ते दिवस काढलेल्या घरात तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत जातं. म्हणून मी काकूंना हिशेबच सांगितला. बंड्याला दिवसाला जेमतेम दीड लिटर लागतं. आमचा कूलर मे महिन्यात तेवढं तासाभरात संपवतो. त्याला कुणी काही म्हणत नाही.

बंड्या म्हणजे यमनी शॅमेलियन, रंग बदलणारा परदेशी सरडा. भाच्याने हौसेने घेतला, मग पुण्याला नोकरी लागली आणि साहेब पिंजऱ्यासकट मावशीच्या गळ्यात पडले. कुणी विचारायच्या आत सांगते: अशा परदेशी प्राण्यांची 2024च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि आपल्या बांधावरच्या बाभळीवर कधीमधी दिसतो तो सरडगुहिरा, म्हणजे देशी शॅमेलियन, वेगळा. त्याला धरून घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. पोरांच्या हट्टापायी हा उद्योग करू नका.

तर पाण्याची गोष्ट. विकणाऱ्याने भाच्याला सांगितलं होतं, "वाटी भरून ठेवा आणि दिवसातून पाच-सहा वेळा फवारा मारा." भाच्याने तेच मला सांगितलं. मी पितळेची छान वाटी ठेवली. आठ दिवस झाले तरी त्यातलं पाणी हललं नाही. माझा फवारा म्हणजे येता-जाता दोन फुसफुस. दहाव्या दिवशी बंड्याचे डोळे आत गेलेले दिसले. एरवी त्याचा डोळा बाहेर आलेल्या भरीव शंकूसारखा असतो, तो खोबणीत बसला होता. शीसुद्धा बदलली होती. शॅमेलियनच्या शीत तपकिरी भागाला खडूसारखा पांढरा भाग चिकटलेला असतो, ती त्याची लघवी. टोकाला जरा पिवळसर असली तर चालतं. बंड्याची सगळीच नारिंगी झाली होती. म्हणजे तहानलेला.

मी घाबरून सिरिंजने त्याच्या तोंडात पाणी सोडायला गेले. नशीब, त्याच्या आधी व्हिडिओ कॉलवर डॉक्टर भेटले. (सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आपल्याकडे शोधून दाखवा.) ते ओरडलेच. असं जबरदस्तीने पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग त्यांनी विचारलं, "तो पाणी पिताना तुम्ही कधी बघितलाय का?" नव्हता बघितला.

तो पितो कसा, हे मला आईमुळे कळलं. आईचं माहेर औशाकडचं. ती लहान असताना आजी हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या रानात पांढरं धडपं अंथरायची, दहिवराने, म्हणजे दवाने, भिजलं की पिळून आंब, ते आंबट पाणी, काढायची. पोटदुखीला ती आंब. आईला मी सांगितलं की हा प्राणी यमनच्या डोंगरांतला, तिकडे दिवसा कोरडं ऊन आणि पहाटे धुकं, दव. आई म्हणाली, "मग त्याला वाटी कशाला? त्याला दहिवर पाहिजे."

अगदी तेच. त्याला साचलेलं पाणी पाणी वाटतच नाही. पानावर चमकणारा, हलणारा थेंब दिसला की मग तो जीभ लावतो. तेही लगेच नाही. आधी एक डोळा थेंबाकडे, दुसरा माझ्याकडे. पाच मिनिटं तसंच. माझे दोन फुसफुस तोवर वाळूनही जायचे.

आता माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो: दिवसभर फवारे मारत राहणं हा मराठवाड्यात तरी चुकीचा सल्ला आहे. पिंजरा सतत ओला राहिला की श्वासाचे आजार होतात, आणि प्राण्याला प्यायला तरी मिळतच नाही. मी पहाटे पिंजऱ्याचा दिवा लागायच्या आधी आणि रात्री दिवा बंद झाल्यावर नीट चार-पाच मिनिटं, बारीक तुषार उडवते. मनी प्लांट आणि जास्वंदीची पानं निथळली पाहिजेत. दिवसा सगळं वाळू द्यायचं. फक्त दुपारी पिंजऱ्यावरच्या भोक पाडलेल्या डब्यातून तासभर थेंब-थेंब पडू देते. पिंजऱ्याला चहूबाजूंनी जाळी आहे, म्हणून उन्हाळ्यात दोन बाजूंना प्लॅस्टिक लावते, वारा खेळायला बाकीच्या मोकळ्या. कूलर त्याच खोलीत, पण झोत त्याच्यावर नाही.

धुक्याचं यंत्र मात्र मेमध्ये कपाटात. रात्र गार असेल तरच धुकं कामाचं. आपल्याकडे मेमध्ये रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. त्यात धुकं सोडलं की पिंजऱ्याचा नुसता उबारा होतो आणि जंतूंचं फावतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे दोन तास लावते, पावसाळ्यात तर हवाच दमट. म्हणजे भाच्याने साडेतीन हजारांना घेतलेलं यंत्र वर्षातून दोन-अडीच महिने चालतं. त्याला हे सांगितलेलं नाही, इथे वाचेल.

बोअरचं पाणी वापरू नका. पंधरा दिवसांत माझी पानं चुन्याने पांढरी झाली आणि फवाऱ्याचं तोंड बुजलं. आता फिल्टरचं वापरते, फिल्टरमधून वाया जाणारं फरशीला. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट भरू नका. उन्हाळ्यात ते पाणी हातालाही चटका देतं.

डोळे भरायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी पहाटे आईसुद्धा उठून आली, चहाचा कप हातात. बंड्या जास्वंदीच्या पानाच्या टोकाशी मान उंचावून बसला होता. एक थेंब चाटला, थांबला, गिळला, मग दुसरा. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आमच्या मायनं ह्याला हरभऱ्यात सोडला असता, तर आंबेला काही उरलं नसतं."