पासवर्ड? नेहमीचाच!

सोसायटीचा हिशोब चोरांपासून, ऑडिटरपासून आणि मुख्य म्हणजे पुढच्या खजिनदारापासून कसा सुरक्षित ठेवावा हे शिकायचं असेल, तर मुलुंडला आमच्या सोसायटीत या. चहा मिळेल. हिशोब मिळणार नाही.

गेल्या महिन्यात मी खजिनदार झालो. झालो म्हणजे, मीटिंगमध्ये सगळे पंख्याकडे बघत असताना मी चुकून समोर बघितलं. ‘तुम्ही कॉम्प्युटरवालेच ना!’ असं म्हणून ११ वर्षं हिशोब सांभाळलेल्या काकांनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह, दोन पावतीपुस्तकं आणि सोसायटीचा शिक्का ठेवला आणि ते गणपतीला गावी निघून गेले. पेनड्राइव्हवर ४८ घरांचा मेंटेनन्स, थकबाकी, सिंकिंग फंड, टँकरची बिलं, लिफ्टवाल्याचा करार, सगळं एकाच एक्सेल फाईलमध्ये. आणि फाईलला पासवर्ड.

तेव्हा पहिला धडा काकांकडूनच घ्या. नुसतं शीट प्रोटेक्ट करून, म्हणजे आकड्यांना कुणी हात लावू नये एवढीच कडी घालून, समाधान मानू नका. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नव्या जातीची फाईल, आतून साधी झिपची पिशवी. कॉलेजातलं कुठलंही पोरगं नावाच्या शेवटी झिप लिहितं, पिशवी सोडतं, शीटच्या मजकुरातला प्रोटेक्शनचा तुकडा खोडतं आणि पुन्हा बांधून देतं. खरा जाणकार फाईल उघडण्यालाच पासवर्ड लावतो. मग ती पिशवी राहतच नाही. २०१६ पासूनच्या एक्सेलमध्ये तिला एईएस नावाच्या सांकेतिक लिपीचं २५६ बिटांचं कुलूप बसतं, आणि तुम्ही टाकलेला प्रत्येक पासवर्ड तपासायच्या आधी १ लाख वेळा घुसळला जातो, म्हणजे अंदाजपंचे पासवर्ड मारत सुटणारी सॉफ्टवेअरंसुद्धा दमावीत. जुन्या एक्सएलएसचं कुलूप ४० बिटांचं होतं, ते आजच्या कॉम्प्युटरला किरकोळ. पण काकांच्या मुलाने त्यांना हौसेने नवा लॅपटॉप घेऊन दिला. गुणी मुलगा.

दुसरा धडा. पासवर्ड कुणाला सांगू नका, कुठे लिहू नका, आणि विचारलाच तर ‘नेहमीचाच’ म्हणा.

मी विचारला होता. गावी रेंज नाही. चौथ्या दिवशी फोन लागला, मागे आरती चालू. ‘काका, फाईलचा पासवर्ड?’ ‘अरे, नेहमीचाच!’ आणि फोन कट. आता मला सांगा, दुसऱ्या माणसाचं नेहमीचं म्हणजे काय? कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचाराल तर काकांचं नेहमीचं म्हणजे कटिंग, साखर कमी. तेही टाकून बघितलं. सोसायटीचं नाव टाकलं, स्मॉलमध्ये, कॅपिटलमध्ये, पुढे १२३ लावून. रजिस्ट्रेशन नंबर टाकला. काकूंचं नाव, मुलाचं नाव, नातवाचं नाव, नातवाला घरात मारतात ती हाक. साई, ओम, स्वामी, त्यापुढे ॲट, त्यापुढे परत १२३. एटीएम परवडलं, तीन चुका झाल्या की कार्ड बंद करतं, माणूस घरी जाऊन झोपतो तरी. एक्सेल थांबवत नाही. रात्री दीड वाजताही त्याच शांतपणे सांगतं की पासवर्ड चुकला, कॅप्स लॉक बघून घ्या. कॅप्स लॉक! बघितला. मग डोक्यात आलं, कीबोर्ड मराठीवर असताना तर लावला नसेल ना? की सगळं पहिल्यापासून परत, मराठीत. शेवटी बायको म्हणाली, ‘त्यापेक्षा गावी जाऊन विचारून या, लवकर होईल.’ गणपतीत. कोकणात. तिकीट.

‘ऑनलाइन उघडून मिळतं हो, फ्री!’ असं आमचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले. जरूर करा. ४८ घरांची नावं, मोबाइल नंबर, बँक खाती कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर चढवा. किल्ली हरवली म्हणून अख्खं कपाटच उचलून रस्त्यावरच्या माणसाकडे ठेवून येण्यासारखं आहे, पण फ्री आहे ना!

मी कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडलाही जाऊन आलो. दुकानदाराने पेनड्राइव्ह लावला, बघितला आणि हळहळला. पेनड्राइव्ह मेला असता तर खटपट करून बघितली असती म्हणे. फाईल डिलीट झाली असती तरी उकरून काढली असती. ‘पण हा तर ठणठणीत आहे, साहेब.’

आणखी धडे हवेत? सेव्ह करत बसू नका. एक्सेल दर १० मिनिटांनी स्वतःच एक प्रत पोटात ठेवतं आणि अर्धवट सोडलेली फाईल ४ दिवस सांभाळतं. आपल्याला पाचव्या दिवशी आठवेल एवढी काळजी घ्या.

पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ वगैरे भेकडांची कामं. उपटा.

३ नंबर बिल्डिंगमधला १२ नंबरचा फ्लॅट ३-१२ असाच लिहा, म्हणजे एक्सेल त्याची ३ डिसेंबर करून टाकेल आणि थकबाकीदाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा देता येतील. हसू नका. एक्सेलच्या याच खोडीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ अशी सुरुवात असलेली नावंच बदलून टाकली. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे आमची कमिटी काय करणार.

काकांच्याही आधीच्या खजिनदारांची २००९ ची फाईल मात्र चटकन उघडली. पासवर्ड नाही! मी हात जोडले. आत बघतो तर कंस, डॉलर, स्वल्पविराम, मध्येच एखादा उद्गारचिन्हाचा खांब. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं मराठी दिसायला लागलं त्याच्या, आधीचा कुठलातरी मराठी फॉन्ट, तो त्यांच्या कॉम्प्युटरवर होता आणि कॉम्प्युटर भंगारात गेला. आकडे तेवढे दिसतात. कोणाचे, ते नाही.

आणि बॅकअप? तो ठेवायचाच असेल तर त्याच पेनड्राइव्हवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये. फार तर पेनड्राइव्ह सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. ऑफिस तळमजल्यावर, पंपरूमला लागून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता, पण तो काय रोज पडतो?

काकांनी यात एक रुपयाही खाल्लेला नाही, हे मी कुठेही सांगेन. राग त्याचाच आहे. खाल्ला असता तर पासवर्ड लावण्याला काही अर्थ तरी होता! रात्र रात्र बसून या माणसाने पै-पैचा हिशोब लिहिला, आणि तो कुणालाही दिसणार नाही अशी व्यवस्था करून गेला. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे. तोपर्यंत मी बँकेचं पासबुक, पावत्यांची अर्धुकं आणि वॉचमनच्या टँकरवहीवरून अख्खं वर्ष पुन्हा टाइप करतोय. ऑफिस करून. लोकलमध्ये उभ्याने पावत्या लावत. आणि ज्यांनी तीन वर्षं मेंटेनन्स भरला नाही ते जिन्यात भेटून विचारतात, ‘आमची थकबाकी किती, जरा कागदावर दाखवा ना.’ हसत विचारतात!

अहो, ती काय तुमच्या घरातली डायरी आहे का? पैसे ४८ घरांचे, फाईल ४८ घरांची, आणि किल्ली एका माणसाच्या डोक्यात? उद्या त्या डोक्याला काही झालं म्हणजे? फाईल उघडण्याचा पासवर्ड हरवला तर तो शोधून द्यायला एक्सेलकडे मागचं दार नाही. मग कागदावर लिहायला काय होतं? पाकिटात घाला, त्यावर दोघांच्या सह्या घ्या, शेअर सर्टिफिकेटांच्या फाईलबरोबर ठेवा. महिन्याच्या शेवटी एक प्रिंट काढा, एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा, वरच्या मजल्यावर. आणि चार्ज देताना पेनड्राइव्ह नुसता हातात कोंबू नका! समोरच्याच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडून दाखवा, मग जा हवं तिथे. अर्धा तास लागतो. हारतुऱ्यांना तेवढा वेळ होता ना तुमच्याकडे?

आणि काका, हे तुमच्यापर्यंत पोचलंच, तर पासवर्ड राहू दे, पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, एवढं तरी कळवा.