वाचक वगळून वाचनालय कसं सुधारावं

अभिनंदन! गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहपदी तुमची बिनविरोध निवड झाली. बिनविरोध म्हणजे काय, तर सर्वसाधारण सभेला गणपूर्ती झाली नाही, मग तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरली, आणि चहा येईपर्यंत तुम्ही कार्यवाह झाला होतात. आभाराच्या भाषणात ‘नवनवे उपक्रम राबवू, ग्रंथसंग्रह अद्ययावत करू’ असंही बोलून बसलात. बोललात ते बोललात, आता घाबरू नका. सत्तावीस वर्षं मी आमच्या वाचनालयात सुधारणा करतो आहे आणि तिथे अजून सगळं जसंच्या तसं आहे.

पहिलं काम, तुमच्याकडे रोज साडेपाचला कोण येतं ते पाहून ठेवा. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर येतात. छत्री दाराशी ठेवतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, ‘दुसरा भाग आला का हो?’ एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग त्यांनी दिवाळीआधी वाचून परत केला. दुसऱ्याची वाट पाहताहेत. अशा माणसांपासून सांभाळून राहा. वाचनालयाला अडचण कसलीच नसते, असते ती वाचकाची. ‘बाहेर गेलाय, आला की सांगतो,’ एवढं उत्तर पाठ करून ठेवा.

आता इतिहास. जुनेपणा हा वाचनालयाचा सर्वांत स्वस्त दागिना. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. तुमचं १९७४चं असलं तरी खंत नको. पन्नाशी उलटली की सुवर्णमहोत्सव होतो, आणि सुवर्णमहोत्सव म्हणजे स्मरणिका. स्मरणिकेला जाहिराती मिळतात. कपाटातल्या इतर कुठल्याच पुस्तकाला त्या मिळत नाहीत, तेव्हा सर्वांत यशस्वी ग्रंथनिर्मिती कोणती हे तुम्हीच ठरवा.

भिंतीवर डॉ. रंगनाथन यांचा फोटो हवाच. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिला सिद्धांत, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. तो तुम्ही तंतोतंत पाळताच: एक ग्रंथ टेबलाच्या आखूड पायाखाली आहे, दोन खिडकीला अडसर म्हणून. चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. संध्याकाळी पाच ते सात एवढंच उघडं ठेवलं की उरलेले बावीस तास वाचलेच. पाचवा म्हणतो, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. आमची दरवर्षी दोन कपाटांनी वाढते. किल्ल्या मात्र तेवढ्याच आहेत. मधल्या दोन सिद्धांतांत वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असं काहीसं आहे. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, हार मोठा आणा म्हणजे ती दोन वाक्यं झाकली जातात.

ग्रंथखरेदी हा मात्र सावकाश समजून घेण्याचा विषय. पुस्तकं वर्षभर घ्यायची नसतात, मार्चमध्ये घ्यायची असतात. अनुदानाचा दुसरा हप्ता हातात पडतो आणि ३१ तारीख दारात उभी असते, त्या दिवसांत ज्ञानाची जी तहान लागते ती जूनमध्ये कुठून लागणार? टेम्पोतून गठ्ठे घेऊन येणारे विक्रेते याच सुमाराला उगवतात. जाड पुठ्ठा, मोठा टाइप, मधे भरपूर कोरी जागा, छापील किंमत चारशे आणि सवलत विचाराल तेवढी. आत यशाचे मार्ग, मधुमेहाचे उपाय, थोर पुरुषांची चरित्रं. एकाच थोर पुरुषाची सहा चरित्रं आणि सहाहींत तिसरा परिच्छेद एकच. वाचकांसाठी ‘मागणी वही’ अवश्य ठेवा, दोरीने बांधलेल्या पेनासकट. फक्त ती खरेदीच्या वेळी उघडायची नाही. आमच्या वहीत एका बाईंनी २००९ साली स्वयंपाकाचं एक पुस्तक मागितलं होतं. ते पुढच्या महिन्यात येण्याची शक्यता आहे.

सरकारी योजनाही आहेत. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२पासून देशभरच्या ग्रंथालयांना मदत करतं. त्यात समान निधी आणि असमान निधी अशा दोन तऱ्हा. समानमध्ये काही वाटा राज्याने घालायचा, असमानमध्ये प्रतिष्ठान एकट्याने देतं. हा फरक पाठ करून बैठकीत एकदाच म्हणून दाखवा, पुढची तीन वर्षं तुम्हाला अभ्यासू म्हणतील. ग्रंथभेटीचं खोकं आलं की फोटो काढा. खोकं फोडण्याची घाई नको, फोडलं की दाखल नोंदवहीत लिहावं लागतं.

यानंतर संग्रहाची गुणवत्ता. इथे लोक फसतात. त्यांना वाटतं, फाटकी, कालबाह्य, वाळवी लागलेली पुस्तकं बाद केली की संग्रह सुधारतो. अहो, अनुदानासाठी वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरताना ग्रंथसंख्या बघतात. मधली दीडशे पानं कसरीने फस्त केलेलं पुस्तकसुद्धा पटावर एक पूर्ण पुस्तक असतं. १९८६चा आयकर मार्गदर्शक, सोव्हिएत संघाचा भूगोल, बिनडिस्कचं संगणकाचं पुस्तक, सगळे आपले खंदे मतदार. त्यांना बाद करून वर्ग घालवून बसाल. २०१२ साली महसूल खात्याच्या लोकांनी राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी केली तेव्हा पुस्तकं मोजली गेली. कुठलं पुस्तक शेवटचं कधी बाहेर गेलं होतं, हे विचारल्याचं निदान आमच्याकडे तरी कुणाला आठवत नाही. तेव्हा पुस्तक मोजता येईल असं ठेवा, वाचता येईल असं ठेवलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

(एवढ्यात एक गंभीर वाक्य बोलून घेतो, मग विसरा. २०१९च्या महापुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. ते फोटो पाहून ज्यांना रडू आलं ती माणसं वाचक होती. आमच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली ती अशी की, आपल्याकडे नदी नाही ते एक बरं.)

उपक्रमांचं कॅलेंडर तयारच असतं. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. अधेमधे ग्रंथोत्सव. दिंडीसाठी शाळेची मुलं सकाळी आठपासून उन्हात उभी करा, पालखीत ग्रंथ ठेवा, लेझीम सुरू करा. पालखीतला ग्रंथ नंतर पुन्हा कपाटात आणि कुलूप. वाचन प्रेरणा दिनी देवघेव बंद ठेवणं सोयीचं, कारण देवघेवीच्या टेबलावर तेव्हा पाणी, समई आणि पाहुण्यांचे पेढे असतात. ‘आज पुस्तक मिळणार नाही, आज वाचनाचा कार्यक्रम आहे,’ हे वाक्य मी एका सातवीतल्या मुलीला स्वतः म्हटलेलं आहे. तिला वाक्यातली अडचण कळली. मला घरी गेल्यावर कळली.

पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायची आता पद्धत आहे, तीही पाळा. ऐन वेळी पुस्तक विकत आणायचं राहिलं तर जवळच्या कपाटातलं एखादं जाडसर, बऱ्या बांधणीचं उचला आणि चकचकीत कागदात गुंडाळा. शिक्का आतल्या पानावर असतो, आणि पाहुणे आतल्या पानापर्यंत जात नाहीत.

डिजिटल व्हायचं तर एक संगणक, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण, आवरणावर हळदीकुंकू. शासकीय संगणक केंद्राची ई-ग्रंथालय प्रणाली आहे, तीत नोंदी भरायला घ्या. आमच्या नोंदी दाखल क्रमांक ४१२पर्यंत आल्या, मग भरणाऱ्या मुलीचं लग्न झालं. दुर्मिळ पोथ्या मोबाइलवर स्कॅन केल्या आहेत. प्रत्येक पानावर आमच्या शिपायाचा अंगठा आहे, म्हणजे साक्षीचाही प्रश्न मिटला. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने दुर्मिळ ग्रंथ संगणकावर आणले ते नीट आणले, पण ती संस्था १८९३ची. त्यांना घाई करायची सवय असणार.

अभ्यासिका काढाच. कथा-कादंबऱ्यांची दोन कपाटं जिन्याखाली हलवा आणि त्या जागी टेबलं लावा. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे सहाला पाण्याची बाटली, डबा आणि स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि रात्री दहाला जातात. सबंध इमारतीत खरोखर वाचणारी माणसं तेवढीच. आपलं एकही पुस्तक ती मागत नाहीत, उलट महिन्याला फी देतात. आदर्श वाचक याहून वेगळा काय असतो?

काही ठिकाणची उदाहरणं मात्र बैठकीत निघणार नाहीत याची काळजी घ्या. साताऱ्यातल्या भिलारमध्ये २०१७च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं आणि तिथे लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं ठेवली आहेत, कुणीही जाऊन वाचावीत. कुलूप नाही! नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९पासून पेट्या भरभरून पुस्तकं लोकांपर्यंत पोचवते. आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकी ग्रंथपाल आणवून फुकट वाचनालयांचं जाळं उभारलं, पेट्यांतून पुस्तकं गावोगाव धाडली. शंभर वर्षांहून जुनी ही कल्पना. कुणी काढलीच, तर उपसमिती नेमा आणि भिलारला अभ्यास सहल ठेवा. स्ट्रॉबेरीचा हंगाम बघून.

पैशाचं विचाराल, तर तमिळनाडू-कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर घेतात. आपल्या १९६७च्या कायद्यात तसा कर नाही, आपल्याकडे अनुदान आहे. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला बरीच वर्षं वर्षाला ३०,००० रुपये मिळत, २०२२ साली त्यात ६० टक्के वाढ झाली. जुन्या आकड्यातला निम्मा पगाराला धरला तर ग्रंथपालाच्या हातात महिन्याला १,२५० रुपये, वाढीनंतर २,०००. आमच्या ग्रंथपाल बाई या पैशांत कपाटं पुसतात, डांबरगोळ्या ठेवतात, नोंदवह्या लिहितात, दिवाळी अंकांना पुठ्ठे चढवतात आणि कुठलं पुस्तक कुठे आहे हे अंधारात सांगतात. त्यांचा सत्कार करून टाका. शाल, श्रीफळ. पगारवाढीचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत’ ठेवा. तिथवर येईतो अध्यक्ष निघालेले असतात.

परवा याच बाईंनी माझ्यासमोर देवघेवीची वही उघडून धरली. गेल्या १५ ऑक्टोबरच्या नोंदीवर बोट ठेवलं. त्या दुसऱ्या भागाचा दाखल क्रमांक, आणि पुढे घेणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात: ‘प्रमुख पाहुणे’. परतीची तारीख कोरी. पाहुण्यांना स्मरणपत्र धाडायचं का, विलंब शुल्क लावायचं का, असं बाईंनी विचारलं. बाहेर छत्री दाराशी टेकवल्याचा आवाज आला.

असला प्रसंग तुमच्यावर आला तर गोंधळू नका. स्मरणपत्र मुळीच धाडायचं नाही. यंदाही त्याच पाहुण्यांना बोलवा आणि पहिला भाग देऊन टाका. कुठे तरी एका जागी संच पूर्ण होईल.