बेशाइट!

सोमवारी ऑफिसला ओलसर मोजे घालून गेलो. त्याचं कारण शनिवारी घडलं आणि शनिवारचं मूळ दोन वर्षांपूर्वीचं आहे.

जर्मनीत, श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत कपडे धुवायचं मशीन एकच, तळघरात, पाच बिऱ्हाडांत सामायिक. राहायला आलो त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी बजावलं, "मशीन मोकळं झालं की झागन झी बेशाइट." झागन झी म्हणजे सांगा. उरलं बेशाइट. मी सरळमार्गी माणूस. मशीन थांबलं, कपडे काढले, वर गेलो, बेल दाबली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बेशाइट!"

"वी बिटं?"

कमी ऐकू येत असेल म्हणून पुन्हा, मोठ्यांदा, "बेशाइट!"

आजींचा चेहरा एकदम मऊ झाला. गळ्यातला चष्मा नाकावर चढवून त्यांनी हात पुढे केला. "दाखवा बघू. टॅक्सचा आलाय की दंडाचा?" कारण सरकारी निर्णयाच्या पत्रालाही बेशाइटच म्हणतात. कर किती भरायचा ते सांगणारा तो श्टॉयरबेशाइट, गाडी जोरात हाणली की घरी येतो तो बूसगेल्टबेशाइट. असं पत्र घेऊन भांबावलेला परदेशी दारात उभा राहणं त्यांना नवं नसावं. माझ्या हातात मात्र एक ओला मोजा होता. त्यांनी तो घेतला आणि दोन्ही बाजूंनी नीट पाहिला.

मग शिकवणी, तिथेच जिन्यात. "इश बिन दी वाशमशीनं," असं जाहीर करून आजी मशीन झाल्या. दोन्ही हात पोटासमोर गोल फिरवत घुर्रर्र केलं, मध्येच पाणी सोडल्याचा आवाज काढला, शेवटच्या पिळणीला तर कठडा धरून थरथरल्या. मग एकदम गप्प. भुवया वर. मी टाळ्या वाजवणार एवढ्यात, "नाइन! मशीन थांबलं. आता तुम्ही काय करता?" मी चार पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या, हवेत बेल दाबायची आणि म्हणायचं, "मशीन मोकळं आहे." तीनदा. तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरचा पोरगा शाळेतून आला. आजींनी त्यालाच विचारलं, बेशाइट झागन म्हणजे काय रे? वय वर्षं सात. त्यानं एका दमात सांगितलं, कळवणं.

मी बेचाळिशीचा, जर्मनची बी-वन परीक्षा पास. क्लासात आमच्याकडून 'मिटटायलन' घोटून घेतलं होतं, म्हणजे 'कृपया अवगत करावे' या थाटातलं. ते बोलणारा माणूस मला जिन्यात अजून भेटायचाय.

आम्हा ठाणेकरांना 'कळवा' म्हटलं की आधी पुढचं स्टेशन आठवतं, ते सोडा. पण 'कळवतो' कोणाला शिकवावं लागत नाही. मुलाकडचे पोहे संपवून "घरी बोलून कळवतो" म्हणाले की आतल्या खोलीतल्या मुलीलाही काय ते कळतं. माझ्या मामेबहिणीला असे चार कळवतो अजून येणे आहेत. तिची मुलगी बारावीला बसली यंदा.

इथे तसं नाही. उशीर होणार, बेशाइट. घरी पार्टी असेल तर खालच्या दारावर चिठ्ठी, फार आवाज झाला तर बेशाइट सांगा म्हणून. केअरवोखं, म्हणजे जिना झाडायची पाळी, या प्रांताचं कुलदैवतच. ती बदलायची तरी बेशाइट. दोन वर्षं मी इमानेइतबारे बेल दाबतोय. सूट फक्त कचेऱ्यांना. माझ्या व्हिसाच्या अर्जावर "बेशाइट येईल" म्हणाले, त्याला चौदा आठवडे झाले. तो अस्सल आपला कळवतो आहे, मी ओळखतो ना!

तर शनिवारी माझी पाळी चारची. आधी आजींचं धुणं. सव्वाचार, पावणेपाच, सव्वापाच झाले, बेल काही वाजेना. शेवटी टब घेऊन खाली गेलो. मशीन कधीचंच थांबलेलं आणि आत त्यांच्या चादरी गारठून पडलेल्या. वर जाऊन बेल दाबली.

"अरे, तुमचं राहिलं का?" आजी कॉफीचा कप घेऊनच आल्या. "इश दाख्टं, झी विसन बेशाइट." मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

एखाद्याची चांगली खरडपट्टी काढणं, यालाही जर्मनमध्ये बेशाइट सांगणंच म्हणतात. हे मी मुद्दाम शोधून पाठ केलं होतं. तोंड उघडलंही.

"कायन प्रोब्लेम," म्हणालो आणि त्यांच्या चादरींचं दुसरं टोक धरायला खाली गेलो.