‘सिंक पूर्ण’ म्हणे! काय पूर्ण, कपाळ?

हिरवी टिक. खाली छोट्या अक्षरांत ‘सगळं अपडेट आहे’. आणि फोन उघडावा तर नाट्यसंगीताचं अख्खं फोल्डर गायब, अभंगांचे तुकडे तुकडे झालेले आणि एकाच गायकाचे तीन गायक झालेले. एरर नाही, इशारा नाही. चूक झाली तर निदान तोंडाने सांगा ना! पण नाही. क्लाउडवर गाणी चढवण्याच्या सगळ्या धंद्यात सर्वांत संतापजनक काय असेल तर हे मौन. गाणं राहिलं तर का राहिलं, हे आपणच शोधायचं. आणि मराठी गाण्यांचा संग्रह असेल तर शोधायच्या जागा दुप्पट, कारण ही सगळी यंत्रणा बांधली गेली ती चार मिनिटांचं गाणं, एक गायक आणि इंग्रजी नाव एवढंच डोळ्यांसमोर ठेवून.

अ‍ॅपल म्युझिकपासूनच सुरू करू. तिथे राहिलेल्या गाण्याचं कारण लिहिलेलं असतं, पण लपवून. मॅकवर गाण्यांची यादी उघडायची, ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘शो व्ह्यू ऑप्शन्स’ काढायचं आणि ‘क्लाउड स्टेटस’वर टिक करायची. मग तो रकाना दिसतो आणि त्यात ‘मॅच्ड’, ‘अपलोडेड’, ‘वेटिंग’, ‘डुप्लिकेट’, ‘एरर’, ‘इनएलिजिबल’ असा एकेका गाण्याचा निकाल. हा रकाना मुळातच दिसायला काय हरकत होती? असो. ‘वेटिंग’ दिसलं तर ‘फाइल’, मग ‘लायब्ररी’, मग ‘अपडेट क्लाउड लायब्ररी’. ‘एरर’ तरीही हटला नाही तर बहुतेक वेळा फाइलच कुठेतरी सडलेली असते. ‘फाइल’मधल्या ‘कन्व्हर्ट’मधून एएसी या दाबलेल्या प्रकारातली तिची प्रत काढायची, ती चढते का बघायची आणि चढली की मगच मूळ प्रत यादीतून हलवायची.

‘इनएलिजिबल’ची, म्हणजे ‘अपात्र’ची, गंमत वेगळी. २०० एमबीपेक्षा मोठी किंवा दोन तासांपेक्षा लांब फाइल अ‍ॅपल घेतच नाही. यूट्यूब म्युझिकची मर्यादा ३०० एमबी, आणि तिथे वेव्ह फाइल चालतच नाही. फ्लॅक, एम४ए, एमपी३, ओजीजी, डब्ल्यूएमए एवढेच फाइलचे प्रकार चालतात. आता कॅसेटवरून वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, उतरवलेल्या गाण्यांचा हिशेब करा. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. साठच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, म्हणजे जवळपास ३१७ एमबी. नव्वदच्या कॅसेटची बाजू ४७६ एमबी. दोन्ही बाद! आणि आपल्याकडे ज्यांचा संग्रह आहे त्यांचा अर्धा संग्रह असाच: बाजूच्या बाजू उतरवून ठेवलेल्या, मैफलींची अडीच-अडीच तासांची रेकॉर्डिंग. त्यावर उपाय एकच, कापाकापी. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांच्या मधल्या शांततेवर कंट्रोल-बी दाबून लेबलं लावायची, लेबलाला गाण्याचं नाव द्यायचं आणि एक्स्पोर्ट करताना ‘मल्टिपल फाइल्स’ निवडायचं. लेबलांची नावंच फाइलची नावं होतात, तेवढे कष्ट वाचतात. मैफल कापायची तर विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे कापा, टाळ्यांत कापा. तान चालू असताना दोन तासांच्या हिशेबाने कुऱ्हाड चालवू नका. एमपी३ केलंत तर त्या सांध्यावर क्षणभर गचका बसणारच, कारण एमपी३ बनवणारा एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेची चिमूट घालतो. फ्लॅकमध्ये हा त्रास नाही, पण अ‍ॅपल फ्लॅक घेत नाही. मग अ‍ॅपल लॉसलेस करा. ते घेतं, पण चढवताना २५६ केबीपीएस एएसी करूनच चढवतं. म्हणजे इतकी यातायात करून क्लाउडवर जे जातं ते आपलं मूळ रेकॉर्डिंग नसतंच.

आता खरी मेख कुठे आहे ते सांगतो: नावांत.

‘ज्ञानेश्वर’ घ्या. डोळ्याला दिसतात चार अक्षरं. कॉम्प्युटरला दिसतात दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे एकूण तीस. तेच नाव रोमनमध्ये लिहिलं तर अकरा अक्षरांचे अकरा बाइट. लिनक्सच्या एक्स्ट४ डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत काना, मात्रा, हलन्त धरून ८५. घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) ईक्रिप्टएफएस नावाच्या सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेलं फोल्डर असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे फक्त ४७! आपली नावं कशी असतात? आकडा, गाण्याची पहिली ओळ, गायक, संगीतकार, नाटक किंवा चित्रपट. ४७ मध्ये पहिली ओळ मावली तरी नशीब. विंडोज मात्र बाइट न मोजता वेगळ्याच एककात २५५ मोजतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं आणि नॅसवर पाठवताना घोडं अडतं. म्हणून फाइलच्या नावात फक्त क्रमांक आणि गाण्याचे पहिले तीन-चार शब्द ठेवा. बाकी सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच गाण्याची माहिती लिहायच्या खान्यांत. तिथे ही मर्यादा नाही.

विसर्गाचं तर विचारूच नका. ‘दुःख’ लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी कोलन दाबतात. लिनक्सवर अशा नावाची फाइल बिनबोभाट बनते. विंडोजला आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउडला नावात कोलन चालत नाही, तशीच प्रश्नचिन्हं आणि दुहेरी अवतरणही नाही. मग फाइल एक तर अडकते, किंवा टॅगवरून नाव बदलणारं सॉफ्टवेअर कोलनच्या जागी खालची रेघ टाकून मोकळं होतं: ‘दु_ख’. काय करायचं याचं? भावगीतांच्या संग्रहात हा शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको. सगळ्या फोल्डरात कोलन शोधून खरा विसर्ग घाला, दुसरा इलाज नाही.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आपला ‘ऱ’. ‘वाऱ्या’ हा शब्द तीन तऱ्हांनी साठवता येतो. पहिली तऱ्हा, ‘ऱ’ हे एकच सलग अक्षर, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे. दुसरी, साधा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब), अशी दोन अक्षरं. तिसरी, ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क पहिल्याचं दुसरं करून ठेवते. तिथून फाइल विंडोजवर किंवा लिनक्सवर नेली की सिंकच्या दृष्टीने ती नवीन फाइल! म्हणजे एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी, दोन्हींत निम्मी निम्मी गाणी, आणि माणूस डोळे चोळतोय. शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. वारा, तारा, किनारा, सारा असले शब्द नसलेला मराठी गाण्यांचा अल्बम दाखवा मला.

यावर इलाज आहे, पण अर्धाच. लिनक्सवर ‘कन्व्हएमव्ही’ नावाचं हत्यार एनएफसीचा, म्हणजे तुटकी अक्षरं जोडून एकच करण्याचा, पर्याय देऊन चालवलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. ते आधी नुसतं काय बदलणार ते दाखवतं, ‘नोटेस्ट’ असं स्पष्ट सांगितल्यावरच खरं बदलतं. ती यादी न वाचता पुढे जाऊ नका, एकाच नावाच्या दोन फाइली एकमेकींवर आदळतील. तिसऱ्या तऱ्हेला मात्र एनएफसी हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते वेगळंच लिखाण आहे. ते शोधा-बदला करून हातानेच. एखादं अ‍ॅप ते अदृश्य चिन्ह परस्पर खाऊन टाकतं आणि ‘वाऱ्या’चं ‘वार्या’ होतं, तो आणखी वेगळा छळ.

नावं सुधारलीत? आता टॅग. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ हे क्लाउडच्या मते तीन वेगळे गायक आहेत. शेवटी एक चुकून पडलेली स्पेस असेल तर काही ठिकाणी चौथाही. चित्रपटाचं तर आणखी वाईट: आठ गाणी, पाच गायक, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’चा खाना रिकामा असला की एका चित्रपटाचे पाच अल्बम. एमपी३टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठही गाणी एकदम निवडा, ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये संगीतकाराचं नाव किंवा ‘विविध कलाकार’ भरा, कंट्रोल-एस. दोन मिनिटांचं काम आहे. ‘पं.’ लावायचं की नाही ते एकदाच ठरवा. मान मनात ठेवला तरी चालतो. ट्रॅक नंबरच्या खान्यात देवनागरी आकडे घालू नका, भल्याभल्या प्लेअरना ते कळत नाहीत. आयडी३ची, म्हणजे एमपी३मधल्या टॅगच्या पद्धतीची, आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ ठेवा, तीच सगळीकडे वाचली जाते. जुना व्हर्शन-१ टॅग उडवून टाका: त्यात नावाला तीस बाइट असतात आणि देवनागरीची सोयच नाही. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टच्या काळातले टॅग असतील, ज्यांत आता नुसता रोमन कचरा दिसतो, तर ते सरळ पुसून नव्याने भरा. दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

मात्र हे सगळं चढवण्याच्या आधी. कारण टॅग बदलला की फाइल बदलली, आणि फाइल बदलली की अख्खी पुन्हा चढणार. पाच एमबीच्या गाण्याला चार एमबीचं मुखपृष्ठ चिकटवणारे महाभाग आहेत. ५०० ते ८०० पिक्सेलचा जेपेग पुरे आहे. प्लेअरने रेटिंग टॅगमध्ये लिहायचं ठरवलं असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर गाण्याला एक तारा दिला की पुन्हा अपलोड. दहा एमबीपीएसच्या लाइनवर ५० जीबी चढायला सलग अकरा तास लागतात, तेही लॅपटॉप झोपला नाही आणि लाइट गेली नाही तर. यूट्यूब म्युझिकवर तर ब्राउझरची ती टॅब उघडीच ठेवावी लागते. दोनशे-तीनशेच्या खेपा करा, प्रत्येक खेपेनंतर आकडा जुळवा.

आणि ज्याच्यावर सर्वांत जास्त आवाज चढवायला हवा ते आता. अ‍ॅपलचं ‘मॅच्ड’ म्हणजे तुमचं गाणं चढलेलंच नाही. आवाजाचा ठसा जुळला म्हणून त्यांनी त्यांच्याकडची प्रत तुमच्या नावावर लावली. ती वेगळ्या मास्टरची, म्हणजे वेगळ्या मूळ प्रतीवरून काढलेली, असू शकते. तुम्ही जागा वाचवायला ‘रिमूव्ह डाउनलोड’ केलंत की तुमची प्रत गेली, नंतर उतरवाल ती त्यांची. कॅसेटवरून घेतलेल्या गाण्याचा वेग जरा पुढेमागे असतो, म्हणून ठसा जुळत नाही आणि ते बिचारं खरोखर चढतं. एवढाच काय तो खरखरीचा फायदा. शिवाय लायब्ररीतून एका ठिकाणी खोडलं की सगळीकडून खोडलं जातं.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह अशी साधी क्लाउड ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी हसू नये. म्युझिक अ‍ॅपची लायब्ररीची डेटाबेस फाइल सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवलीत आणि दोन कॉम्प्युटरवर अ‍ॅप एकदम उघडलं, की ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’, म्हणजे एकमेकींशी न जुळणारी दुसरी प्रत, ठरलेली. गाणी क्लाउडच्या फोल्डरात, डेटाबेस स्वतःच्या डिस्कवर. वनड्राइव्हवर ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ लावा, नाहीतर प्लेअर गाणी मोजायला बसला की एकेक फाइल खाली ओढत बसतो. आरक्लोन हे क्लाउडवर फाइली पाठवायचं हत्यार वापरत असाल तर ‘सिंक’ नव्हे, ‘कॉपी’: सिंक तिकडचं जास्तीचं सगळं पुसतं, आणि तेच करायचं असेल तर आधी ‘ड्राय-रन’, म्हणजे काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम. काम झालं की ‘आरक्लोन चेक’ चालवा. ते आकार आणि हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) पडताळून कुठली फाइल राहिली तिचं नाव सांगतं.

गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. अ‍ॅमेझॉनने गाणी चढवण्याची सोय त्याआधीच गुंडाळली, मायक्रोसॉफ्टचं ग्रूव्ह आणि वनड्राइव्हचं लग्न २०१९ मध्ये मोडलं. प्रत्येक वेळी लोकांना पुन्हा नवीन ठिकाणी हेच सगळं पहिल्यापासून. तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क घ्या, त्यावर मूळ फाइली टाका, मग खुशाल हिरव्या टिकेशी भांडा.