चांदसैली घाटाने डोकं फिरवलंय

धडगावला राहतो म्हटलं की ऑफिसातले लगेच, वा, काय हवा असेल, तोरणमाळ जवळ, मजा आहे राव तुमची! कसली डोंबलाची मजा? थंडीत पहाटे स्वेटर-कानटोपी घालून निघायचं, चांदसैली घाट उतरून तळोदा आलं की तोच स्वेटर मांडीवर ओझं, आणि हातोडा पुलावरून तापी ओलांडून नंदुरबारात शिरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. जीपवाला तर "बस दोनच सीट बाकी, भाऊ" म्हणत अर्धा तास उभा, मग त्या दोन सीटवर पाच जण कोंबतो आणि वर मलाच म्हणतो जरा सरका ना.

पावसाळ्याचं तर बोलूच नका. दरड आली की घाट बंद, मग म्हसावद-शहादा असा वळसा मारा, उशीर होतोय हे कळवावं तर घाटात रेंज नाही, आणि पोचल्यावर साहेब काय म्हणणार, "लवकर निघत जा ना." अजून किती लवकर, रात्रीच निघू का?

१९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याचं गाव जवळ आलं म्हणे. नकाशावर आलं असेल, घाट तर तिथंच आहे ना.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या गर्दीला मात्र माझी काही तक्रार नाही, तेव्हा टपावर पण बसतो.

आणि नंदुरबारलाच खोली घे म्हणणाऱ्यांनी आधी भाडं द्या, मग घरी आईकडे आणि शेताकडे कोण बघणार तेही सांगा.